बट्टीच्या कणकेतला वास

१

काल्याच्या दिवशी सकाळी भाईदास आबांच्या अंगणात पन्नास किलो कणीक बाद झाली, आणि तीही गावाच्या भंडाऱ्याची.

सप्ताहाचा शेवटचा दिवस. मंदिरात कीर्तन रंगलेलं. पारोळ्याजवळच्या त्या गावात यंदा भंडाऱ्याचा मान आबांच्या घराकडे होता, म्हणजे वरण-बट्टी, वांग्याची भाजी आणि अख्ख्या गावाची पंगत. अंगणात पाच पराती मांडून बायका बट्टीची कणीक मळत होत्या. जाडसर गव्हाचं पीठ, ओवा, हळद, मीठ, तेलाचं मोहन आणि बट्टी खुसखुशीत व्हावी म्हणून खाण्याचा सोडा. मळलेल्या परातींवर ओली फडकी टाकलेली. शेजारच्या झुंबरबाईंनी त्यातलं एक उचललं आणि पदर नाकाला लावला.

"अवो माय! हाई काय शे? मासाना वास येस!"

पुढचं सांगायला नकोच. आबांच्या घरात तीन पिढ्या गळ्यात माळ. ज्या घरात अंड्याचं नाव काढलं तरी चूळ भरतात, त्या घरच्या प्रसादाला माशाचा वास! कुठली परात चांगली, कुठली वाईट हे बघत बसायला कुणाला धीर होता? पाचही पराती गुरांपुढे रित्या झाल्या, धावपळ करून दुसरं पीठ आणलं, पंगत दोन तास उशिरा बसली. गाव जेवलं, पण जेवताना कुजबुजत जेवलं.

वासाची परात धाकट्या सुनेची होती, कामिनीची.

हिलाल नाना त्या वेळी ओट्यावर बसून वांगी चिरत होते. नाना म्हणजे आबांचे चुलतभाऊ, धुळ्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं सहायक. बाटलीवरची चिठ्ठी गळून पडली की प्राध्यापक मंडळी पुस्तक न उघडता हिलालला हाक मारत. बूच काढायचं, हाताने वारा नाकाकडे ओढायचा आणि नाव सांगायचं, एवढंच त्यांचं शास्त्र. पगार बेताचा, पण नाक जिल्ह्यात नंबर एक, असं ते स्वतःच सांगत.

गुरांपुढे पडायच्या आधी नानांनी त्या कणकेचा गोळा हुंगला होता. वास होता. माशाचाच होता. झुंबरबाईंचा स्वभाव तिखट असला तरी नाक खोटं नव्हतं.

संध्याकाळी घरची माणसं माजघरात बसली आणि आबांनी निकाल दिला. "उद्या चार वाजता तिना बाप येवाव शे. तिले लई जाई. फोन करी टाका मी."

कामिनी दाराआड उभी होती. लग्नाला जेमतेम चौदा महिने झालेली पोर, आणि उद्या तिला मासे चोरून खाणारी म्हणून घरी धाडणार. अशी परत आलेली पोर पुन्हा कुठे नांदत नाही, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं.

"आबा, चार वाजेपर्यंत मला विचारपूस करू दे," नाना म्हणाले. "मासा असेल तर काटा सापडेलच की."

आबा त्यांच्याकडे वळले. "तू शिकेल माणूस शेस. इचारी ले. पन हाई पहिली येळ नही, हिलाल. पाच महिना व्हयनात."

२

पाच महिने! नानांना हे नवीन होतं. त्यांनी कुंदाबाईंना, म्हणजे आबांच्या बायकोला, चुलीपाशी गाठलं.

"वहिनी, कधीपासून म्हणता?"

"दिवाईना मांगे-पुढे. पहिले वाटे, मांजरनं काही आनं व्हई. मंग ध्यानमा उनं, वास तिना आंगले शे. माहेर त्यासनं खानारं. जुनी सवय, दुसरं काय!" कुंदाबाईंचा आवाज बोलता बोलता फाटला. "नाना, पोटनी पोरनी मायक जीव लाया मी तिले. रगत कमी शे सांगं डॉक्टरनी, तं दिवाईपाईन सकाय-संध्याकाय लाडू खावाडस. आनि तिनी मन्हा घरनी हाई गत करी!"

त्या रागावल्या होत्या आणि रडतही होत्या. नानांना त्यांची दया आली. ज्याच्यावर जीव असतो त्याच्यावरचाच राग असा डोळ्यांतून येतो.

मग थोरली सून ज्योती. तिचा नवरा सुरतेला कामाला, ती इथे सासू-सासऱ्यांपाशी. ती धुणं घडी करत बोलली. "खोटं कशाला सांगू नाना, मला तिचा राग नाही. पण वास येतो. आणि गंमत अशी की जितकी धुते तितका जास्त येतो. दिवसातून तीनदा अंघोळ करते बिचारी. कपडे सोड्यात भिजवते, अंगाला धुण्याचा साबण लावते, कातडी सोलून निघालीय. बाहेर आली की वास आधीपेक्षा कडक."

"रोजच?"

"रोज नाही." ज्योतीने हातातली घडी बाजूला ठेवली. "देवाची भांडी घासायचं काम तिच्याकडे आहे. त्या दिवशी तिच्या हाताला काहीच वास नसतो. मी हात हुंगून पाहिलेत, खोटं नाही."

"पितळेची भांडी? कशाने घासता?"

"चिंचेनं. दुसऱ्या कशानं?"

नानांनी मान डोलावली आणि मनातल्या मनात एक बूच उघडलं. पण बाटलीचं नाव काही आठवेना.

कामिनीचा नवरा तेजस पारोळ्याला मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवायचा. तो ओट्यावर फोनमध्ये डोकं घालून बसला होता. "तुला काय वाटतं?" नानांनी विचारलं. "मला काय, घरचे म्हणतील तसं," एवढं बोलून तो पुन्हा फोनमध्ये बुडाला. नानांच्या ओठांवर एक शिवी आली होती, ती त्यांनी चहाबरोबर गिळली.

शेवटी कामिनी. गोठ्याच्या भिंतीला टेकून बसलेली. हात कोपरापर्यंत लाल, सोलवटलेले.

"पोरी, खरं सांग. खाल्लंस?"

"नाही नाना. माहेरी खायचे, ते खरं हाये. लग्नापासून शिवलं नाही." तिने नजर वर केली. "सगळ्यायले वास येतो. मलेच येत नाही. मी येडी झाली काय?"

माहेरी कधी कुणी असं म्हणालं होतं का, असं नानांनी विचारलं. ती मान हलवत नाही म्हणाली. माघात भावाच्या लग्नाला ती तीन आठवडे पहूरला राहून आली, तेव्हाही तिथे कुणी नाक मुरडलं नव्हतं.

तेवढ्यात वर्षाच्या बोलीवर राबणारा सालदार तोताराम बैलांना पेंड घालायला आला आणि दोघांना पाहून दारातूनच मागे फिरला.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्योतीने कामिनीची पेटी भरायला घेतली आणि सगळं घर हादरेल अशी हाक मारली.

पेटीच्या तळाशी, लग्नातल्या शालूच्या घडीत, वर्तमानपत्राची पुडी. पुडीत सुके बोंबील.

कुंदाबाईंनी पुडीकडे पाठ फिरवली. आबांनी गळ्यातल्या माळेला हात लावला आणि ते उठून बाहेर गेले.

नानांना काय वाटलं हे लपवण्यात अर्थ नाही. त्यांना सुटल्यासारखं वाटलं. कोडं संपलं, चोर सापडला, आता धुळ्याची दोनची बस गाठता येईल. चांगल्या माणसाच्या मनातसुद्धा असा आळस असतो, आणि त्याची लाज नंतर वाटते.

"कामिनी, हे तुझं?" त्यांनी विचारलं.

"हो," ती म्हणाली. आवाज अगदी सरळ. "मीच खात व्हते. चुकलं माझं. प्रायश्चित्त सांगा, मी घेते. पंचगव्य द्या, उपास सांगा. फक्त घरातून काढू नका."

नानांनी सवयीने पुडी नाकाशी नेली. हाताने वारा ओढला. पुन्हा ओढला. मग शालूची घडी उचलून तिचाही वास घेतला, आणि त्यांच्या कपाळावर आठी चढली.

"वहिनी, हिच्या बापाला येऊ दे," ते हळूच म्हणाले. "पण ही पोरगी खोटं बोलतेय."

४

"कबूल करनारी खोटं बोलस?" कुंदाबाई भडकल्या. "नाना, तुमना भेजा ठिकानवर शे का?"

नानांनी पुडी पाटावर ठेवली. "हे बघा. सुतळीची गाठ बाजारवाल्याने मारली तशीच होती, ज्योतीनेच सोडली ना? सोडली. आत सगळे बोंबील अख्खे, एकाचंही शेपूट मोडलेलं नाही. पाच महिने खाणारी बाई न उघडलेली पुडी ठेवते? आणि हा शालू. बोंबील चार दिवस पेटीत राहिले असते तर शालूच काय, पेटीचा पत्राही घमघमला असता. शालूला डांबराच्या गोळीचा वास आहे, दुसरा कसलाही नाही. ही पुडी काल रात्रीच आत गेलीय."

"मग कुणी ठेवली?" ज्योतीचा चेहरा उतरला. पेटी तिनेच उघडली होती, आणि बोट आपल्याकडे वळणार हे तिला कळलं.

नाना गोठ्यात गेले. तोताराम बैलाच्या आड उभा होता.

"काल पारोळ्याचा बाजार होता, तोताराम."

"मी खास बोंबील, नाना," तो घाईने म्हणाला. "पन मन्हा घर. मालकना उंबरठावर पाय ठेवाना पहिले हात धुस. आबासले इचारा."

"ते मला माहीत आहे. काल आणलेली पुडी रात्री कुणाला दिलीस?"

तोतारामने बैलाच्या पाठीवर हात फिरवला, फिरवतच राहिला. "तिनी हात जोडात, नाना. धाकली वहिनीसाहेबनी. सालदारले हात जोडात. मी काय करतू? कोनले सांगू नको म्हने."

नाना परत आले तेव्हा कामिनी तिथेच बसली होती. त्यांनी तिच्यासमोर बसकण मारली.

"का केलंस?"

आता मात्र ती रडली. "मी खाल्लं नाही म्हनते तर मी खोटारडी ठरते. खोटारडीले कोन ठेवन? खाल्लं म्हनलं तर चूक ठरते. चुकीले तरी माफी असते ना, नाना?"

कुंदाबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

पण नानांचा प्रश्न अजून तसाच होता. पोरीने मासा खाल्ला नाही. मग कणकेत वास कुठून आला?

५

सगळी रात्र एक बाटली नानांच्या डोक्यात फिरत होती, ती त्या रडण्यानंतर एकदम सापडली.

प्रयोगशाळेच्या खालच्या फळीवर, बर्फात ठेवायची ती बाटली. ट्रायमिथिल अमीन. बूच सैल राहिलं तर अख्ख्या मजल्यावर मासळीबाजार. फरशीवर सांडलं की नाना व्हिनेगर ओतायचे आणि वास जागच्या जागी गप्प व्हायचा. एकदा नव्या पोराने त्यावर सोडा टाकला होता, तर वर्ग सोडून पळावं लागलं होतं.

चिंचेनं जातो, सोड्यानं वाढतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा!

आणि त्याच्या पाठोपाठ त्यांना एक मुलगी आठवली. वसतिगृहातली, दुसऱ्या वर्षाची. तिच्या बाकाशेजारी कुणी बसत नसे. नाना रोज तिच्यामागची खिडकी उघडून ठेवत आणि बाटली गळतेय असं समजत. मार्चमध्ये तिने कॉलेज सोडलं. नानांनी खिडकी लावून घेतली. तिचं नावही आता आठवत नव्हतं, आणि त्याचंच त्यांना फार वाईट वाटलं.

त्यांनी जळगावला फोन लावला. प्रमिलाबाई म्हणजे जीवरसायनशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका, नानांना नावाने ओळखणाऱ्या मोजक्या मोठ्या माणसांपैकी एक. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"हिलालभाऊ, तुमचं नाक बरोबर सांगतंय. हे अमीन सगळ्यांच्याच पोटात तयार होतं. काही पदार्थांत कोलीन नावाचं द्रव्य असतं, आतड्यातले जंतू त्याचं हे अमीन करतात. आपल्या यकृतात एक विकर असतं, ते त्याचा वास काढून टाकतं आणि लघवीवाटे सोडून देतं. काहींचं ते विकर जन्मतःच मंद असतं. थोडं अमीन असेल तर कसंबसं निभतं, जास्त झालं की घामातून, श्वासातून बाहेर येतं. पुष्कळदा त्या माणसाला स्वतःला वास येतच नाही."

"म्हणजे मासा खायलाच हवा असं नाही?"

"मुळीच नाही. अंडी, सोयाबीन, शेंगदाणे, काही कडधान्यं. खात्री करायची तर लघवीची तपासणी मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत होते. तोवर एक विचारा. लहानपणी तिच्या खाण्यात एकदम काही बदललं होतं का?"

नानांनी लगेच पहूरला कामिनीच्या आईला, कमलबाईंना, फोन केला. बाई आधीच रडून रडून बसलेल्या. घरात मासे महिन्या-दोन महिन्यांतून एकदा होत, आणि लेकीच्या अंगाला कधीच वास नव्हता, असं त्यांनी शपथेवर सांगितलं. मग आठवून म्हणाल्या, "एकदाच झालं व्हतं. चौथीत. शाळेत रोज अंडं द्यायले लागले, तवा दोन महिने पोरी तिच्याजवळ बसत नव्हत्या. अंडी बंद झाली अन् तेही गेलं. तिले आठवत पन नसंन."

साडेतीन वाजले होते.

६

माजघरात सगळे जमले. नानांनी दोन वाट्या मागवल्या. एकीत कोमट पाण्यात धुण्याचा सोडा, दुसरीत चिंचेचा कोळ. कामिनीने सकाळपासून कमरेला खोचलेला, घामाने ओला झालेला पंचा घेऊन नानांनी त्याचे दोन तुकडे केले आणि एकेका वाटीत टाकले.

"आबा, डोळे मीट. वास घे आणि सांग."

पहिल्या वाटीशी आबांनी तोंड फिरवलं. "मासा."

"आणि ही?"

आबांनी बराच वेळ नाक लावलं. "चिच. नुसती चिच शे."

"कापड एकच, घाम एकच. या कापडाला मासा शिवलेला नाही, नुसता घाम आहे. हा तिच्या अंगातून निघणारा आम्लारी जातीचा एक पदार्थ आहे. आंबट लागलं की त्याचं मीठ होतं, हवेत उडत नाही, म्हणून वास येत नाही. सोडा लागला की तो सुटा होतो. म्हणून देवाची भांडी घासताना तिचे हात स्वच्छ, आणि सोड्याचं धुणं केलं की वास. बिचारी वास घालवायला सोडा वापरत होती, आणि सोडाच वास बाहेर काढत होता! आणि पाच परातींपैकी एकीलाच वास का? बट्टीच्या कणकेत सोडा होता. उन्हात घामेजलेल्या हातांनी तिने ती मळली."

मग आबांनी विचारलं, "पन पाच महिनापाईनच कसाले?"

हे उत्तर नानांना द्यायचं नव्हतं. ते वाटीतला पंचा उगाच हलवत राहिले. "काही खाण्याने ते वाढतं," ते पुटपुटले. "सोयाबीन. शेंगदाणे. ती माहेरी गेली तेव्हा ते बंद झालं, म्हणून..."

कुंदाबाई उठल्या. फडताळातून स्टीलचा डबा काढून त्यांनी नानांसमोर ठेवला आणि झाकण उघडलं. सोयाबीनच्या पिठाचे, शेंगदाण्याचे, मेडिकलमधली ताकदीची पावडर घातलेले लाडू. मन लावून वळलेले, एकसारखे.

"रोजना चार," त्या म्हणाल्या. "ती नको म्हने, तरी मी तिना तोंडमा कोंबू." त्यांनी झाकण पुन्हा लावलं. "नाना, तो वास मीच करा ना?"

"वहिनी, तुम्हाला काय ठाऊक? लाडू दुसऱ्या कुणी खाल्ले असते तर अंगी लागले असते. तिचं शरीर वेगळं आहे, एवढंच. रक्तासाठी डॉक्टर दुसरं काही देतील. जपून खाल्लं, आंबट पाण्यानं अंग धुतलं तर बरंच कमी होईल." मग नानांनी खरं ते सांगून टाकलं. "पण पुरतं जाणार नाही. कधीतरी येईलच. तेव्हा घराने काय करायचं, हे घराने ठरवा."

बाहेर जीप थांबली. कामिनीचे वडील, प्रेमराज पाटील, दारात आले आणि कुणाच्याही तोंडाकडे न बघता खाली मान घालून उभे राहिले. आपल्या लेकीने मासे खाल्ले, असं मानून आलेला बाप.

आबा पुढे झाले. त्यांनी प्रेमराजांचे दोन्ही हात धरले. "व्याही, चूक आम्हनी शे. पोर निर्दोष शे. मी आज गावले मंदिरमा सांगसू."

प्रेमराजांना काही उमजलं नाही. ते लेकीकडे बघत राहिले.

"मंग पेटी रिती करा," कुंदाबाई म्हणाल्या. "ती जास नही आते."

"मी जाते," कामिनी म्हणाली.

ती उठून उभी राहिली होती. "काढलं म्हणून नाही. मले जायचं हाये म्हणून. इथं पाच महिने मी रोज कातडी सोलली. थोडे दिवस आईपाशी राहते."

तेजसने पहिल्यांदा फोन खिशात ठेवला. "मी येईन घ्यायला. पुढच्याच आठवड्यात."

"तुम्ही नका येऊ." तिचा आवाज वर गेला नाही. "सगळे वास घेत व्हते ते मी समजू शकते. तुम्ही माझ्याशेजारी झोपत व्हते. मी काय खाते, काय नाही, तुमाले माहीत व्हतं. एकदा तरी म्हनायचं व्हतं."

नानांना तेजसची कीवसुद्धा आली नाही.

खानदेशात सुनेला आणायला दीर जातो, नवरा जातो, फार तर सासरा जातो. सासू कधी जात नाही. सुनेच्या माहेरच्या दारात सासू उभी राहिली तर व्याह्यांपुढे मान खाली गेली असं धरतात. कुंदाबाईंनी आयुष्यात तो उंबरठा ओलांडला नव्हता. त्यांनी डोळे पुसले, पदर सारखा केला आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मी येसू तुले लेवाले."

आबांनी चमकून बायकोकडे पाहिलं, पण ते आड आले नाहीत.

कामिनी सासूकडे वळली. "पंधरा दिवसांनी या," ती म्हणाली. "एकट्या या. दोन दिवस राहा, मग निघू."

"ऱ्हासू," कुंदाबाई म्हणाल्या, आणि सुनेची पेटी स्वतः उचलून जीपकडे निघाल्या.